खिडकीपासून खिडकीपर्यंत

“दहा म्हणते तुझी आई. दहा किलोमीटर, आणि तेही तुझ्या पहिल्या वाढदिवसाच्या आत. तिला वाटतं दहा म्हणजे नऊच्या पुढचा आकडा, बस. मी मोजलेत बाई ते, चांगले लांब असतात. पाय खाली घे. तो नाही, दुसरा. तुम्ही मायलेकी पाय हलवायचं कधी थांबवणार आहात?”

ती दाराबाहेर उभी होती, एक बूट पायात आणि एक हातात. आत तिचा नवरा बारकीचा लंगोट बदलत होता आणि कुरकुरत होता. गेले तीन महिने घरातली सगळी कुरकुर बारकीच्याच वाट्याला यायची. ऐकून घेणारी आणि उलट उत्तर न देणारी ती एकटीच होती ना.

“मला ऐकू येतंय,” ती म्हणाली.

“तुला ऐकू यावं म्हणूनच तिला सांगतोय,” तो मान वर न करता म्हणाला. “ती माझ्या बाजूनं आहे.”

“तिनं आत्ताच तुझ्या बाहीवर मत नोंदवलंय. बघ.”

त्यानं बाही बघितली. बारकीनं खरंच मत नोंदवलं होतं, आणि ते अजून खाली ओघळत होतं. तो हसला. त्याचं हसू आधी कानांत दिसतं, तोंडापर्यंत मागाहून पोचतं... ते कान बघून तिला पुन्हा एकदा वाटून गेलं की हा माणूस आपल्याला रस्त्यात सापडला, यावर अजूनही विश्वास बसत नाही.

सापडला होता तो अक्षरशः रस्त्यातच. चार वर्षांपूर्वीची रविवारची सकाळ, बारीक भुरभुर, रस्ते रिकामे. ती आपल्या नादात पळत होती आणि पुढे एक माणूस सायकलवरून गोगलगाईच्या वेगानं चालला होता, पदपथाच्या कडेला अगदी चिकटून. वळण आलं की तोही आतल्या कडेनं वळायचा, तीही.

“जरा बाजूला होता का?” तिनं विचारलं होतं.

“नाही होता येणार,” तो पुढे बघतच म्हणाला होता. “मी सगळ्यात जवळच्या रेषेवर आहे.”

“मग मी कुठे आहे?”

“माझ्या मागे.”

तिला राग यायला हवा होता. आलं हसू. पुढच्या चौकात त्यानं सायकल थांबवली, चाकाजवळच्या छोट्या यंत्रावरचा आकडा टिपला आणि पहिल्यांदा मागे वळून बघितलं. शर्यतींचे रस्ते मोजणं हे त्याचं काम. पळणारा माणूस नेहमी जवळची वाट धरतो, म्हणून मोजणाऱ्यानंही तीच धरायची. वर हजार मीटरमागे एक मीटर जास्तीचा टाकायचा, म्हणजे रस्ता चुकूनही आखूड भरायला नको. “कुणाचा विक्रम माझ्या चुकीमुळे पुसला गेला तर मला झोप लागणार नाही,” असं तो म्हणाला. चिंब भिजलेला, नाकाच्या टोकाला थेंब, आणि चेहरा असा की जणू देशाची सीमा याच्याच भरवशावर आहे. तिनं मनात म्हटलं, हा माणूस गमतीतसुद्धा खोटं बोलू शकणार नाही.

लग्नाआधीची त्यांची अर्धी भेटगाठ रस्त्यांवर पोलादी टेप धरण्यातच गेली. एक टोक तिच्याकडे, एक त्याच्याकडे. “ताणून धर,” तो म्हणायचा. “तुटलं तर?” ती विचारायची. “तुटत नाही. ढिलं मात्र पडतं.” असलं काही तो सरळ चेहऱ्यानं बोलायचा आणि मग आपण काय बोललो ते कळून कानांपर्यंत लाल व्हायचा. गावात दोन पळणाऱ्यांचं अंतरावरून भांडण जुंपलं की “त्यानं मोजलाय” एवढ्या दोन शब्दांत ते मिटायचं. तो तिला लाडानं पळपुटी म्हणायचा आणि ती त्याला मोजणीसाहेब.

मग बारकी आली.

बारकी कशी आली, हे त्यांच्या घरात कुणी बोलत नसे. आदला दिवस बोलायचे, पुढचा आठवडा बोलायचे. मधला तो दिवस मात्र सगळे चिखल चुकवावा तसे ओलांडून जायचे. ‘दवाखान्यातलं ते’ असं कुणाच्या तोंडून निघालं की सासूबाई लगेच टॉवेल वाळले का म्हणून विचारायच्या. तिला स्वतःला त्यातलं फार थोडं आठवत होतं... छतावरचा दिवा, कुणीतरी पोटावर जोरानं दाबलेले हात, अंगाखाली काहीतरी कोमट पसरत गेलेलं, आणि मग अशी थंडी की दात वाजायचेही थांबले. डोळे उघडले तेव्हा तो शेजारी बसला होता. “आलीस?” एवढंच म्हणाला. जणू ती कोपऱ्यावरून ब्रेड आणायला गेली होती.

घरी आल्यावर महिनाभर तिची धाव, सरड्याची कुंपणापर्यंत तशी, पलंगापासून पाळण्यापर्यंत होती. शिंक आली तरी पाय जुळवून, भिंत धरून उभं राहायचं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, “पोटाखालचे स्नायू आधी जागे करा. घाई केलीत तर प्रत्येक शिंकेला माझी आठवण येईल.” आणि एका संध्याकाळी, सगळे सूप पीत असताना, तिनं या वर्षाचे बेत जाहीर केले. आधी जिन्याखालच्या पत्रपेटीपर्यंत भिंत न धरता चालायचं. मग बागेपर्यंत पळायचं. मग त्याच शर्यतीचं अर्धं अंतर, आणि बारकीच्या वाढदिवसाआधी गावच्या शर्यतीत पूर्ण दहा.

सासूबाईंनी आधीच भरलेल्या वाटीत आणखी एक डाव सूप ओतलं.

“टॉवेल वाळले का?” त्या म्हणाल्या.

त्यानं मात्र चमचा खाली ठेवला. “पळायचंच असेल तर मोजलेल्या रस्त्यावर पळ,” तो म्हणाला. “मी आखून देतो. आपल्या खिडकीपासून निघायचं, खिडकीपाशी यायचं. पुरा एक किलोमीटर.”

तिच्यासाठी आजवर कुणी फुलं आणली होती, कुणी कविता म्हणून दाखवली होती. रस्ता कुणी आखला नव्हता.

सकाळी उठून बघते तो खिडकीखालच्या पदपथावर खडूचा बाण. औषधाच्या दुकानावरून, शाळेच्या भिंतीजवळून, बेकरीला मागून वळसा घालून, बागेच्या कुंपणाकडेनं परत घरी. पहिल्या दिवशी ती पळाली कमी आणि लडखडली जास्त. दुसऱ्या दिवशी बघते तर बाण बदललेले, बेकरीच्या अलीकडच्या बोळातच आत वळलेले.

“बेकरीमागे गटाराचं काम निघणार आहे,” तो बारकीच्या डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाला. “कमी पडलेलं मी बागेच्या टोकाला भरून काढलंय.”

तिनं बागेच्या टोकाकडे बघितलंसुद्धा नाही. सूर्य कुठून उगवतो ते कुणी तपासतं का?

आणि मग दिवसांमागून दिवस तिच्या पायांखालून ते खडूचे बाण सरकू लागले. अंतर सांगणारी उपग्रहवाली घड्याळं उंच इमारतींमधून वेडी होतात, असं तोच सांगायचा, म्हणून ती साधं मनगटी घड्याळ बांधून पळायची. निघताना खिडकीत तो उभा, कडेवर बारकी, तिचा चिमुकला हात वर करून टाटा करणारा. परत येताना पुन्हा तो तिथंच, तसाच. एक फेरी, मग दोन, मग चार.

आणि वेळ कमी होत चालला. आधी तिला वाटलं, काटा चुकत असेल. पण तीच जलद होत होती, बारकीच्या आधीपेक्षाही जलद. एका सकाळी ती बागेच्या कुंपणाला धरून उभी राहिली, धापा टाकत, आणि आपल्याच पोटरीकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघत राहिली. या शरीरानं तिला एका शब्दानं न विचारता बारकीची नखं घडवली होती. कानाच्या पाळ्या घडवल्या होत्या, त्यांवरच्या घड्यांसकट. पापण्या, आणि त्या पापण्यांमागची झोपसुद्धा. मग ते फाटलं, शिवलं गेलं, आणि आता कुणाला न सांगता आधीपेक्षा जोरात पळत होतं. देवळात गेल्यावर होतं तसं तिचं काहीतरी झालं. आपण इतकी वर्षं कुणाच्या घरात राहतोय याचा आपल्याला पत्ताच नव्हता...

“काय गं, रडतेस का?” तो खिडकीतून ओरडला.

“घाम आहे.”

“डोळ्यांतून?”

“बायकांना येतो. तुला मोजता यायचा नाही.”

शर्यतीला महिना राहिला तेव्हा तिची पळायची मैत्रीण तिला शाळेच्या मैदानावर घेऊन गेली. ही मैत्रीण शाळेत खेळ शिकवते आणि सगळे तिला मास्तरीण म्हणतात. आखीव मैदान, पक्का धावमार्ग, तिथलं अंतर म्हणजे दगडावरची रेघ. तिथं ती जीव तोडून पळाली. घड्याळ बघितलं आणि गवतात बसली. रोज खिडकीखाली होणारा वेळ इथं काही केल्या होत नव्हता. थोडाथोडका नव्हे, चांगला फरक होता.

“हवा जड आहे आज,” मास्तरीण म्हणाली.

“वारा पाठीशी होता.”

“मग घड्याळ बिघडलं असेल.”

“दोघींचं?”

मास्तरीण बुटाच्या नाड्या बांधू लागली. त्या आधीच बांधलेल्या होत्या.

घरी परतताना पहिला विचार शरीराचाच आला. आतून पुन्हा काहीतरी बिघडलं. दुसरा विचार आला तो इतका अशक्य होता की ती चालता चालता थांबली. मग सरळ घरी गेली, कपाटातून पोलादी टेप काढली आणि सासूबाईंसमोर उभी राहिली. तो कामावर होता.

“आई, हिचं एक टोक धराल का?”

सासूबाईंनी टेपकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. टॉवेलांबद्दल काही विचारलं नाही. बारकीला छातीवरच्या झोळीत घातलं, चपला घातल्या आणि निघाल्या.

ते दृश्य बघायला अर्धी आळी थांबली असेल. सून वाकून खुणा करतेय, सासू टेप ताणतेय, झोळीतून बारकी टेपचं टोक चावायला बघतेय. औषधाच्या दुकानातली बाई दारात आली. “काय हरवलं का हो?”

“हो,” सासूबाई म्हणाल्या. “रस्ता.”

बागेच्या टोकाला काहीच भरून काढलेलं नव्हतं. बेकरीमागे गटाराचं कसलंही काम नव्हतं, कधी झालेलंही नव्हतं. तिथं एक मांजर ऊन खात पडलं होतं. खिडकीखाली पोचून बेरीज केली, तर किलोमीटरमागे दीडशे मीटर गायब.

सासूबाई पायरीवर टेकल्या. “लहानपणी कधी खोटं बोलला नाही,” त्या म्हणाल्या. “मला तेव्हाच धास्ती होती. म्हटलं, हा बोलेल तेव्हा एकदम मोठंच बोलेल.” मग बारकीच्या तोंडातून टेप सोडवत हळूच पुढे म्हणाल्या, “जा तू. ही माझ्यापाशी राहील. पण बाई... फार लागेल असं बोलू नको.”

गोदामांजवळ एक नाकासारखा सरळ रस्ता आहे. तिथं डांबरात ठोकलेल्या दोन खिळ्यांमधलं अंतर त्यानं स्वतः पुन्हा पुन्हा तपासलेलं. कुठलाही रस्ता मोजायच्या आधी तो या दोन खिळ्यांमधून सायकल नेऊन चाकाची परीक्षा घेतो, कारण उन्हानं चाकातली हवा तापते, चाक केसभर मोठं होतं आणि मोजणी बदलते. ती पोचली तेव्हा तो गुडघ्यांवर बसून चाकाला कान लावल्यासारखा वाकला होता.

“तुझा रस्ता आखूड आहे,” ती म्हणाली.

एरवी या वाक्यावर तासाभराचं व्याख्यान झालं असतं. त्यानं पंप खाली ठेवला.

“कुठला?”

“माझा.”

“मोजलास?” त्यानं विचारलं.

“आईंनी टोक धरलं होतं.”

“आई...” त्यानं डोळे मिटले. “म्हणजे आज मला जेवण नाही.”

“मिळेल. ताटामागे थोडं थोडं कापून.”

त्याचे कान हसायला निघाले आणि तिचा चेहरा बघून वाटेतच थांबले. तिचा आवाज तिला नको होता तिथंच फुटला. “मी त्या कुंपणापाशी उभी राहून रडले होते, माहीत आहे? स्वतःच्या पायांना हात लावून बघत होते. म्हटलं, किती मोठं काहीतरी आहे आपल्यात. आणि तू वर खिडकीत उभा. तुला माहीत होतं ते सगळं खोटं आहे. मला झेपणार नाही असं वाटलं होतं, तर तोंडावर सांगायचं होतंस. लेकराला चमच्यानं भरवतात तसं मला भरवत होतास होय?”

“तसं नाही.”

“मग कसं?”

तो उठला. हाताचं काळं पँटला पुसलं, ही पँट सासूबाईंनी कालच धुतलेली. “पहिल्या दिवशी पुरा होता,” तो म्हणाला. “शपथेवर. हजार आणि वर एक. तू निघालीस, मी बारकीला घेऊन खिडकीत. औषधाचं दुकान, शाळेची भिंत... सगळं दिसत होतं. मग तू बेकरीमागे गेलीस आणि दिसेनाशी झालीस.”

“हो. मागे गेलं की माणूस दिसत नाही.”

“मी श्वास धरला. मुद्दाम नाही गं, आपोआपच. आणि तो पुरेना. मी धरून ठेवला, धरून ठेवला, आणि तू येईनास. आलीस तेव्हा बारकी किंचाळत होती. मी तिला किती आवळली होती मलाच कळलं नाही. त्याच दुपारी मी खाली गेलो आणि बाण पुसले. बोळापासून बागेपर्यंत तू दिसत नाहीस ते अंतर...” त्यानं छातीवर हात ठेवला, जणू तिथं ते यंत्र बसवलं होतं. “एका श्वासात बसतं.”

ज्या माणसाला चाकाची केसभर वाढ चालत नाही, ज्यानं आयुष्यात कुणाला एक मीटर बुडवला नाही, त्यानं तिच्यासाठी पोलादी टेप बाजूला ठेवली आणि आपल्या छातीनं रस्ता मोजला... आणि मग रोज सकाळी खिडकीत उभा राहून तो एक श्वास धरला. तिच्या प्रत्येक फेरीला. तिला आजवर वाटत होतं, पळतेय ती एकटीच. राग होता, अजून होता, हातातल्या निखाऱ्यासारखा. पण त्याच्याशेजारी आता दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. एवढं मोठं, की त्याच्यापुढे आवाज चढवणं बरं दिसलं नसतं.

“उद्यापासून बेकरीमागून,” ती म्हणाली.

“मी सायकलवर मागे येतो.”

“नाही.”

“लांबून. तुला दिसणारसुद्धा नाही.”

“नाही म्हटलं ना. तू खिडकीत उभा राहायचं. आणि श्वास घेत राहायचं, सगळे घेतात तसा.”

“आणि शर्यतीच्या दिवशी? दहा किलोमीटर मी काय करू?”

“तुझं तू बघ, मोजणीसाहेब. इतकी माणसं असतात तिथं, कुणाचातरी हात धर.”

“मला कुणाचातरी नकोय,” तो कुरबुरत्या आवाजात म्हणाला, आणि हे वाक्य असं बाहेर पडलं की दोघंही क्षणभर गोदामाच्या पत्र्याकडे बघू लागले.

ती जवळ गेली. त्याचा काळा हात तिनं आपल्या हातात घेतला. तो थंड होता, भर उन्हात.

“तू रोज तिथं उभा राहून कशाची वाट बघतोस?” तिनं विचारलं. “बोल ना. आई टॉवेल विचारतात. मास्तरीण नाड्या बांधते. तू बाण पुसतोस. आणि मीही काही वेगळं करत नाही. मी दहा किलोमीटर म्हणते. दहा म्हटलं की त्या दिवसाबद्दल काही म्हणावं लागत नाही. पण मला आता माहीत करून घ्यायचंय. मी तिथं होते, पण मला तो दिवस माहीत नाही. तुलाच माहीत आहे.”

त्यानं मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते त्यालाही कळलं नसावं.

“एक नर्स बाहेर आली होती,” तो म्हणाला. “तरुण मुलगी. बारकी तिच्या हातात, पांढऱ्या फडक्यात. तिनं बारकीला माझ्याकडे दिलं आणि विचारलं, यांचं जवळचं आणखी कुणी आहे का, बोलावून घ्या.” तो खालच्या खिळ्याकडे बघत बोलत होता. “आणखी कुणी. मी म्हटलं, मी आहे. ती म्हणाली, तुम्ही आहात हो, पण... आणि पुढे बोललीच नाही. आत निघून गेली. दार लागलं. बारकी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, येईल हं आई. येईल. मला माहीत नव्हतं. मी तिच्याशी पहिलंच बोललो ते खोटं बोललो.”

ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती थांबली. त्याचा हात तिनं सोडला नाही.

“मी काय करत होते आत?” तिनं विचारलं. “म्हण.”

त्यानं तिच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून पहिल्यांदाच असं बघितलं, कुठलीही कड न धरता.

“तू मरत होतीस,” तो म्हणाला. “माझ्यापासून एका दाराच्या अंतरावर तू मरत होतीस, आणि मला तुझ्यापर्यंत पोचता येत नव्हतं.”